औषधाचा अंमल आणि मुलांचे यकृत

परळ भागात ज्या दगडी वास्तूत एके काळी मुंबईचे गव्हर्नर राहत असत आणि १८९९ सालापासून जेथे हाफकिन यांची प्लेगप्रतिबंधक लशीची प्रयोगशाळा नांदू लागली, त्या वास्तूशी १९२८ साली इंग्लंडहून भारतात आलेल्या डॉ. ल्युसी विल्स यांचे नाव जोडलेले आहे. गिरणगावातील गरीब गर्भवती स्त्रियांना होणारा, पुष्कळदा प्राणावर बेतणारा एक विशिष्ट पंडुरोग हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. या स्त्रियांच्या आहारात अशी कोणती उणीव आहे की जी भरून निघताच रक्त पुन्हा सुधारते, याचा शोध घेता घेता त्यांना आढळले की, इंग्रज घरांतून पावाला लावून खाल्ल्या जाणाऱ्या मार्माइट नावाच्या स्वस्त यीस्ट-अर्कानेच हा रोग बरा होतो. आणि १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. अर्कातील ते अज्ञात द्रव्य म्हणजेच पुढे पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आलेले फोलिक आम्ल होय. त्याच परळमध्ये, हाफकिन संस्थेपासून पायी जाण्याच्या अंतरावर, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालयाचे दरवाजे उघडले. आज त्या रुग्णालयाच्या बालविभागात रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलांना जे मेथोट्रेक्झेट दिले जाते, ते नेमके त्याच फोलिक आम्लाची वाट अडवून आपले कार्य साधते.

हा दुवा जोडला गेला तो मात्र बॉस्टनमध्ये. तेथील बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना प्रथम फोलिक आम्लाची संयुगेच देऊन पाहिली, तेव्हा रोग ओसरण्याऐवजी अधिकच चेतल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. आणि जे द्रव्य रोगाला पोसते त्याचा प्रतिस्पर्धी दिल्यास रोगाची उपासमार होईल, असा तर्क त्यांनी बांधला. असा प्रतिस्पर्धी लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार होत होता, आणि त्या प्रयोगशाळेचे संशोधन ज्यांच्या देखरेखीखाली चाले ते यल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातील भीमावरमचे. जून १९४८ मध्ये फार्बर यांनी १६ मुलांची हकीगत प्रसिद्ध केली. त्यांपैकी १० मुलांना स्पष्ट उतार पडला होता. हा उतार तात्पुरता आहे, हे त्यांनी लेखाच्या शीर्षकातच नमूद केले होते. सुब्बाराव त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये निवर्तले.

ज्या मुलांचे आयुष्य पूर्वी आठवड्यांत मोजले जाई, ती या औषधांमुळे महिने आणि मग वर्षे जगू लागली. ती जगू लागल्यामुळेच आजवर कोणाला दिसण्याचा प्रसंग आला नव्हता असे काही दिसू लागले. १९५५ साली अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञांनी अशा मुलांच्या यकृताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून लिहिले की, फोलिक आम्लाचे प्रतिस्पर्धी घेतलेल्या मुलांच्या यकृतात तंतुमय व्रण साठू लागले आहेत. औषधाने आयुष्याची मुदत वाढवून दिली आणि त्याच मुदतीत यकृताकडे आपली थकबाकी मांडून ठेवली. आज संपन्न देशांत लहान मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियातून दहांपैकी सुमारे नऊ मुले पूर्ण बरी होतात, आपल्याकडील प्रमाण अद्याप त्याहून कमी आहे. पण ती थकबाकी कशी ओळखावी, कोणत्या वेळी तिची चिंता करावी आणि कोणत्या वेळी करू नये, हा प्रश्न मुंबईत असो वा बॉस्टनमध्ये, प्रत्येक मुलाच्या बाबतीत नव्याने उभा राहतो. या लेखाचा विषय तोच आहे.

यकृत हा शरीराचा जकातनाका आहे, असे म्हटल्यास वस्तुस्थितीला फारशी बाधा येत नाही. आतड्यांतून शोषला गेलेला प्रत्येक जिन्नस प्रतिहारिणी नीलेच्या वाटेने प्रथम येथे येतो, येथे त्याची झडती होते, आणि येथील विकरांच्या परवानगीशिवाय तो पुढे रवाना होत नाही. नवजात अर्भकाच्या वजनाचा सुमारे चार टक्के भाग यकृताचा असतो, प्रौढ माणसात तो दोन टक्क्यांच्या आसपास उरतो. म्हणजे मुलाच्या देहात या नाक्याचा कारभार प्रमाणाने मोठाच असतो. कर्करोगाची बहुतेक औषधे येथेच घडवली वा मोडली जातात. मर्सॅप्टोप्युरिन तर शरीरात शिरते तेव्हा निष्क्रिय असते. पेशींतील विकरांनी त्याचे रूपांतर केल्यावरच त्याला मारक शक्ती येते. उलट व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन यांची विल्हेवाट यकृत पित्तावाटे लावते; म्हणून मुलाला कावीळ झाली असता ही औषधे देहात रेंगाळतात, त्यांचे विष वाढते, आणि डॉक्टरांना मात्रा कमी करावी लागते. यकृत केवळ औषधाचे भक्ष्य होते असे नाही. ते आजारी पडले म्हणजे इतर सर्व औषधांचा हिशेब बिघडतो.

केमोचा पहिला, जोराचा हप्ता संपला आणि मूल घरी परतले म्हणजे ज्याला घराघरांत 'मेन्टेनन्स' म्हणतात तो काळ सुरू होतो. पहिल्या दिवसापासून मोजता सारा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो, आणि त्यातील मोठा हिस्सा याच काळाचा असतो. रोज रात्री मर्सॅप्टोप्युरिनची गोळी, आठवड्यातून एकच दिवस मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या, महिन्या-तीन महिन्यांनी पाठीतले इंजेक्शन, आणि दर काही आठवड्यांनी रक्ताची तपासणी. मर्सॅप्टोप्युरिनची गोळी बाजारात ५० मिलिग्रॅमची मिळते. चार वर्षांच्या मुलाला ती कधी अर्धी, कधी पाऊण, कधी एक दिवसाआड पूर्ण अशी द्यावी लागते. स्वयंपाकघरातील सुरीने कागदावर ती गोळी कापणारी, उरलेला अर्धा भाग डबीत ठेवून वहीवर खूण करणारी, चुरा झाला तर तो मोजावा की टाकावा या विचारात पडलेली आई ज्याने पाहिली असेल, त्याला या उपचाराचा खरा भार कोणाच्या हाती असतो हे निराळे सांगावे लागणार नाही. २०२५ साली टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांनी बंगळुरूच्या एका औषध-प्रयोगशाळेच्या साहाय्याने या औषधाचे पातळ, मापाने देता येण्याजोगे रूप भारतात आणले, ही मी फार मोठी गोष्ट समजतो. ज्यांनी ती डबी आणि ती सुरी पाहिली आहे, तेही ती लहान मानणार नाहीत.

या काळात रक्ताच्या अहवालावर सर्वांच्या नजरेत भरणारा आकडा असतो तो एसजीपीटीचा. निरोगी मुलात तो साधारणपणे ४० च्या आत असतो. मेन्टेनन्समधील मुलाच्या अहवालात तो २०० दिसतो, कधी ४०० दिसतो. प्रयोगशाळेच्या यंत्राने त्यावर ठळक खूण केलेली असते. बीडला वा नांदेडला बसलेला बाप तो कागद दूरध्वनीवर वाचून दाखवितो आणि विचारतो, "डॉक्टर, एसजीपीटी चारशेच्या वर गेलंय, गोळ्या बंद करू का?" दूरध्वनी उचलला गेला नाही तर पुष्कळदा गावातील डॉक्टरांच्या सल्ल्याने वा स्वतःच्याच भीतीने तो गोळ्या बंद करतो, आणि दुकानातून 'लिव्हर टॉनिक'ची बाटली आणतो.

येथेच थोडे थांबून बारकाईने पाहिले पाहिजे. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींत असणारे विकर आहे. पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपते. यकृत आपले काम करते आहे की नाही, याचा तो दाखला नव्हे. काम चालले आहे की थांबले आहे हे पाहावयाचे ते बिलिरुबिनवरून, अल्ब्युमिनवरून, रक्त गोठण्यास लागणाऱ्या वेळेवरून आणि मुलाच्या अंगावरून: डोळे पिवळे आहेत का, लघवी गडद होते आहे का, पोट फुगले आहे का, खाणे सुटले आहे का, मूल पेंगुळलेले असते का. मर्सॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्झेट घेणाऱ्या मुलांत एसजीपीटी वाढणे इतके सामान्य आहे की, बिलिरुबिन ठीक असेल आणि मूल खेळत असेल, तर तो आकडा पाच पट, दहा पट, काही उपचार-आराखड्यांत वीस पटींपर्यंत गेला तरी डॉक्टर लक्ष ठेवून औषध चालूच ठेवतात. जोराच्या मात्रेने शिरेतून मेथोट्रेक्झेट दिल्यावर तर हा आकडा दोन-तीन दिवसांत आकाशाला भिडतो आणि बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप खाली येतो. मेन्टेनन्सच्या काळात ज्या मुलाचा एसजीपीटी महिनोन्महिने अगदी निर्दोष राहतो आणि पांढऱ्या पेशीही मुळीच उतरत नाहीत, त्या मुलाच्या पोटात गोळ्या खरोखरच जातात ना, अशी शंका अनुभवी डॉक्टरांना येते, आणि ती रास्त असते.

गोळ्या चुकण्याचे मोल काय, हे अमेरिकेतील अभ्यासांनी आकड्यांत सांगितले आहे. लिहून दिलेल्या मर्सॅप्टोप्युरिनच्या ९५ टक्क्यांहून कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत रोग उलटण्याचा धोका अडीच पटींहून अधिक आढळला. ९५ टक्के म्हणजे महिन्याला दीड गोळी चुकणे. एसजीपीटीच्या भयाने पंधरा दिवस गोळ्या बंद ठेवणारा बाप आपण मुलाच्या यकृताचे रक्षण करीत आहोत असे प्रामाणिकपणे मानीत असतो. आणि यकृताचे भय आणि यकृताचे रक्षण या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे त्याला समजावून सांगण्यास कोणी पाच मिनिटे बसलेला नसतो. माझ्या मते आपल्याकडील कर्करोग-विभागांतील मोठी उणीव औषधांची नसून या पाच मिनिटांची आहे.

परंतु याच आकड्यामागे एक निराळी कथाही दडलेली असू शकते. मर्सॅप्टोप्युरिनपुढे देहात दोन वाटा असतात. एका वाटेने त्याची थायोग्वानिन-रूपे होतात, जी कर्कपेशींना व अस्थिमज्जेला मारतात. दुसऱ्या वाटेने टीपीएमटी नावाचे विकर त्याला मेथिल जोडते, आणि अशी मेथिल-रूपे फार साठली तर यकृताला जाच होतो. काही मुलांत ही दुसरी वाटच रहदारीची असते. अशा मुलाच्या पांढऱ्या पेशी हव्या तितक्या उतरत नाहीत म्हणून मात्रा वाढवावी, तर पेशी जेथल्या तेथे राहतात आणि एसजीपीटी मात्र वर चढतो. हा प्रकार ओळखता आला तर वाताच्या विकारावर दिले जाणारे ॲलोप्युरिनॉल देऊन आणि मर्सॅप्टोप्युरिनची मात्रा सुमारे पावपट करून औषधाचा ओघ पहिल्या वाटेकडे वळवता येतो. हे अर्थात निष्णात केंद्रातच करावयाचे काम आहे, कारण मात्रा न घटवता हे दोन्ही एकत्र दिले तर मज्जा पार कोरडी पडते. आपल्या लोकांत टीपीएमटीपेक्षा एनयूडीटी१५ या जनुकातील भेद अधिक आढळतात, आणि ज्या मुलात तो असेल त्याला साधी मात्राही असह्य होते. उपचारापूर्वी ही जनुकीय तपासणी सर्वत्र व्हावी, ही मागणी आता चैनीची म्हणता येणार नाही.

यकृत जेव्हा इजा न दाखविता आपले उत्पादनच थांबविते, तेव्हा घोळ निराळा होतो. ॲस्पॅरॅजिनेज हे औषध रक्तातील ॲस्पॅरॅजिन नावाचे अमिनो आम्ल मोडून टाकते, आणि ते स्वतः बनविता न येणाऱ्या कर्कपेशी उपासमारीने मरतात. पण यकृतालाही प्रथिने घडविण्यास तोच कच्चा माल लागतो. त्यामुळे अल्ब्युमिन घटते, फायब्रिनोजेन घटते, रक्तात गुठळी होऊ न देणारे अँटिथ्रॉम्बिनही घटते. एकाच मुलात रक्त वाहण्याची आणि रक्त गोठण्याची भीती एकाच वेळी उभी राहते. मेंदूतील नीलांत गुठळी होऊन अचानक डोकेदुखी, उलट्या वा आकडी येणे, हा या औषधाच्या काळातील सर्वांत धास्तीचा प्रसंग होय. यकृतात मेद साठतो; रक्तातील ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर गेले म्हणजे नळीत ठेवलेल्या रक्ताचा वरचा थर दुधासारखा पांढरा दिसतो, आणि तो पाहून नवख्या तंत्रज्ञाने दचकावे, इतके ते दृश्य विलक्षण असते. दहा वर्षांवरील आणि स्थूल मुलांत या औषधाची कावीळ अधिक होते. आपल्याकडे कुपोषित मुलांच्या काळजीत आपण इतके गढलेले असतो की, शहरांतील लठ्ठ किशोराचे यकृत उपचारापूर्वीच मेदाने भरलेले असू शकते, याकडे पुरेसे लक्ष जात नाही.

आता ज्या विकाराला बालकर्करोगाच्या विभागांत सर्वांत जास्त भितात, त्याकडे वळतो. यकृतात अतिसूक्ष्म रक्तमार्ग असतात. त्यांच्या आतील नाजूक अस्तराला औषधाने इजा झाली की ते सुटून मार्गातच तुंबते, रक्त पुढे सरकत नाही, यकृत ताणून दुखू लागते, पोटात पाणी उतरते, आणि चढविलेल्या प्लेटलेट कोठे जातात ते कळेनासे होते. हा विकार म्हणजे यकृतरोध; वैद्यकाने तो प्रथम कर्करोगात ओळखला नाही. १९५४ साली जमैकातील डॉक्टरांनी तेथील गरीब मुलांत तो वर्णिला. रानातील झुडपांचा घरगुती काढा, ज्याला तेथे 'बुश टी' म्हणत, तो पाजल्याने त्यातील पायरोलिझिडीन जातीच्या विषांनी मुलांची यकृते तुंबत होती. आपल्याही देशात तो येऊन गेला आहे. १९७५ साली त्या वेळच्या मध्य प्रदेशातील सरगुजा जिल्ह्यात आदिवासींच्या गावांत जलोदर आणि कावीळ यांची साथ उठली. ६७ जणांना तो विकार जडला आणि त्यांतील २८ दगावले. गोंदली नावाच्या बारीक धान्यात, ज्याला आपण खुळखुळा म्हणतो त्या कुळातील एका तणाचे बी मिसळले गेले होते. दुष्काळी वर्षात धान्य पाखडून निवडण्याइतकी चैन त्या घरांना परवडली नसेल, हे समजण्यास तज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही.

काढ्याने आणि तणाच्या बियांनी जे घडले, तेच काही औषधांनी घडते. मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या विल्म्स ट्यूमरवर डॅक्टिनोमायसिन हे फार उपयोगी औषध आहे. सेल्मन वॅक्समन यांनी मातीतील जंतूपासून ते मिळविले. पाच दिवस थोडे थोडे देण्याऐवजी ते एकाच वेळी द्यावे म्हणजे रुग्णालयाच्या खेपा वाचतील, या हेतूने अमेरिकेत वजनाच्या दर किलोला ६० मायक्रोग्रॅमची एकेरी मात्रा देण्यात आली, तेव्हा यकृताची इजा इतकी दिसू लागली की मात्रा ४५ वर आणावी लागली. अर्बुद उजव्या बाजूचे असेल आणि किरणोपचाराच्या वाटेत यकृत येत असेल, तर हा धोका आणखी वाढतो. थायोग्वानिनची कहाणीही विचार करण्याजोगी आहे. मेन्टेनन्समध्ये मर्सॅप्टोप्युरिनच्या जागी ते द्यावे, असा प्रयोग ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिका येथे हजारो मुलांवर झाला. कर्कपेशींवर त्याचा प्रभाव काही बाबतींत सरस ठरला. परंतु दर दहांपैकी सुमारे एका मुलाला, काही अभ्यासांत त्याहूनही अधिक मुलांना, हा यकृतरोध झाला, आणि काहींची प्लीहा पुढे वर्षानुवर्षे वाढलेली राहिली. सरस औषध बाजूला ठेवून जुने पुन्हा हाती घेण्यात आले. विज्ञानाने माघार घेण्याचे असे प्रसंग वर्तमानपत्रांत येत नाहीत, पण मुलांच्या हिताचे कितीतरी निर्णय अशाच माघारीतून झालेले आहेत.

अस्थिमज्जा-रोपणात हा विकार सर्वांत जास्त आढळतो. भारतात असे पहिले रोपण टाटा स्मारक रुग्णालयातच डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली केले. विकार तीव्र होऊन मूत्रपिंडे व फुप्फुसेही खचली तर मृत्यूचे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाते. त्यावर डिफायब्रोटाइड हे एकच खास औषध आहे: डुकराच्या आतड्याच्या अस्तरातील डीएनएपासून तयार होणारे, युरोपात २०१३ आणि अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळालेले, आणि किमतीने सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून येथे वेळेवर ओळखण्याला जे महत्त्व आहे ते दुसऱ्या कशालाही नाही. मोठ्या माणसांत या विकाराला कावीळ ही खूण धरतात. मुलांत पुष्कळदा कावीळ येतच नाही, निदान उशिरा येते. प्रथम वाढते ते वजन. मूल खात नाही आणि तरी तीन दिवस वजन चढतेच आहे, मूळ वजनाच्या पाच टक्के वर गेले आहे, उजव्या बरगडीखाली हात लावू देत नाही, काल दिलेल्या प्लेटलेट आज पुन्हा उतरल्या आहेत: एवढे कानावर पडताच जाणता डॉक्टर रात्री उठून येतो. वॉर्डात मुलाच्या पोटावर डॉक्टर हात ठेवतो, त्याला श्वास घ्यावयास सांगतो आणि मागे उभ्या असलेल्या निवासी डॉक्टरला म्हणतो, "काल दोन बोटं लागत होतं, आज चार लागतंय." सोनोग्राफीचे यंत्र येण्यापूर्वी निदान त्या चार बोटांनी झालेले असते.

केमोच्या माथी मारले जाणारे सगळेच अपराध केमोचे नसतात. पूर्वी रक्त आणि प्लेटलेट चढवताना कावीळ 'ब' आणि 'क' यांचे विषाणू कितीतरी मुलांना लागले. रक्ताच्या तपासण्या सुधारल्या, 'ब' ची लस राष्ट्रीय लसीकरणात २०११ पर्यंत देशभर आली, तरी देहात दबून बसलेला विषाणू प्रतिकारशक्ती खचताच उचल खातो. म्हणून केमोपूर्वी त्याची चाचणी आणि आवश्यक तेथे विषाणुरोधक गोळी हा आता नियमच आहे. आपल्याकडे क्षय आहे, आणि त्यावरची आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला जड आहेत. केमो आणि क्षयाचा उपचार एकाच यकृतावर चालविणे हे बालरोगतज्ज्ञाच्या कसोटीचे काम असते. बुरशीवर दिले जाणारे व्होरिकोनाझोल यकृतातील विकरे अडवते आणि व्हिन्क्रिस्टिनचा निचरा थांबतो; मग मुलाचा जबडा दुखतो, पोट गच्च होते, चालताना पाऊल लटकते, आणि कारण भलतीकडेच शोधले जाते. मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदाऐवजी चुकून रोज दिल्या गेल्याने झालेले अनर्थही डॉक्टरांना ठाऊक आहेत. आठवड्याचा वार फाईलवर, डबीवर आणि भिंतीवरील कॅलेंडरावर लिहून ठेवणे याला पर्याय नाही.

आणि काढे. पालकांचा मी यात अपमान करू इच्छित नाही. ज्याचे मूल तापाने फणफणत आहे त्याला कोणी 'गुळवेल दे, प्लेटलेटला पपईच्या पानांचा रस दे' म्हटले तर तो देणारच. परंतु २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली; आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि वाद अजून मिटलेला नाही. ज्या यकृतावर आधीच पाच औषधांचा अंमल चालू आहे, त्यावर असा वाद मिटण्यापूर्वी सहाव्याचा प्रयोग करू नये, एवढाच विवेक मी मागतो. जमैका आणि सरगुजा येथे पोटात गेली ती झाडपाल्याची आणि बियांचीच द्रव्ये होती. काविळीला डॉक्टरी औषध नाही, ही समजूत महाराष्ट्रभर आहे. म्हणून गळ्यात काविळीची माळ घालतात, नाकात थेंब सोडतात, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळे पाणी दाखवितात. साध्या विषाणूच्या काविळीत मूल बहुधा आपोआप बरे होते आणि यश माळेला मिळते. केमो घेणाऱ्या मुलात मात्र ज्या चार दिवसांत यकृतरोध ओळखावयाचा, विषाणूचे औषध सुरू करावयाचे वा रक्तातील जंतुसंसर्गावरची प्रतिजैविके द्यावयाची, तेच चार दिवस माळ लांब होण्याची वाट पाहण्यात जातात. नाकात सोडलेल्या थेंबांनी ज्याच्या पांढऱ्या पेशी उतरल्या आहेत अशा मुलाला जंतुसंसर्ग होऊ शकतो, हे निराळेच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली ठरविले की, २०३० पर्यंत जगातील कर्करोगग्रस्त मुलांपैकी किमान ६० टक्के मुले वाचली पाहिजेत. औषधे आहेत, आराखडे आहेत, टाटा स्मारक केंद्राच्या परळ आणि खारघर येथील रुग्णालयांत ती देणारे हात आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी गावाकडून आलेल्या कुटुंबांना छप्परही मिळते. उणीव राहते ती मूल गावी परतल्यावर. तालुक्याच्या डॉक्टरकडे त्या मुलाच्या उपचाराचा मराठीत लिहिलेला एक पानी तपशील असावा: कोणती औषधे चालू आहेत, एसजीपीटी कितीपर्यंत चालेल, बिलिरुबिन किती झाल्यास थांबावे, कोणाला दूरध्वनी करावा. प्रत्येक कर्करोग-केंद्राने मुलाला घरी पाठविताना असे पान हाती द्यावे, अशी मी या लेखाच्या निमित्ताने जाहीर विनंती करतो.

वाचकांनाही एक सांगणे आहे. आपल्या नात्यात वा शेजारी असे मूल असेल तर गोळ्या बंद करण्याचा सल्ला देऊ नये, काढा वा माळ घेऊन जाऊ नये. त्याच्या घरी एक चांगला वजनकाटा घेऊन जावे, रोज सकाळी त्याच वेळी मुलाचे वजन वहीत लिहावयास सांगावे, आणि परत येताना वाटेतील रक्तपेढीत प्लेटलेट-दात्यांच्या यादीत आपले नाव नोंदवून यावे.